ओलाफच्या लेकाचं आडनाव

एखाद्यानं फसवलं की आपण म्हणतो, माणूस चारसोबीस आहे. हा आकडा आला भारतीय दंड संहितेतून. कलम 420, फसवणूक. 2024 च्या जुलैत ती संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं कलम आता 318 झालं. पण लोकांच्या तोंडातलं चारसोबीस एवढ्यात काही जायचं नाही. त्या जुन्या संहितेचा पहिला खर्डा ज्याच्या देखरेखीखाली 1837 साली तयार झाला, तो थॉमस बॅबिंग्टन मेकॉले. शाळेच्या पुस्तकात तो तुम्हाला भेटला असेलच, 1835 च्या इंग्रजी शिक्षणाच्या टिपणापाशी. त्या टिपणात त्यानं आपल्याकडच्या साऱ्या वाङ्मयाला जसं कमी लेखलं ते मला आजही खुपतं. पण आज ते भांडण बाजूला ठेवू या. आज मला तुम्हाला त्याच्या आडनावाची गोष्ट सांगायची आहे. कारण त्या आडनावाच्या मागं मागं गेलं की वाटेत समुद्र लागतो, गलबतं लागतात, वॉलरसचे सुळे लागतात, आपल्या पेशींमधलं एक चिमुकलं गुणसूत्र लागतं आणि शेवटी उंदीरसुद्धा लागतात.

मेकॉले म्हणजे मॅक औली. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि पश्चिमेच्या बेटांवर गेलिक भाषा बोलतात. तिच्यात मॅक म्हणजे मुलगा. मुलगी असेल तर मॅक नाही म्हणायचं, निक म्हणायचं. तेव्हा मेकॉले म्हणजे औलीचा लेक. आता हा औली कोण? गेलिकमध्ये त्याचं नाव लिहितात आव्लाव्ह असं काहीसं, पण नाव गेलिक नाहीच. ते आहे ओलाफ. नॉर्वेच्या राजांचं नाव, व्हायकिंगांचं नाव. त्याचा अर्थ पूर्वजांचा वारस.

आता एक बारकावा ऐका, मला तो फार आवडतो. ओलाफ या नावात मधे कुठं म किंवा न ऐकू येतो का? नाही. मग गेलिक लेखकांनी नवव्या शतकात ते लिहिताना मधे म का घातला? आणि पुढच्या शतकात इंग्लंडमधले लोक आपल्या बखरीत त्याच नावाच्या माणसांना आन्लाफ का म्हणत होते? दोन वेगळे शेजारी, दोन वेगळ्या भाषा, आणि दोघांनाही तिथं नाकातला सूर ऐकू आला! कारण तो तेव्हा खरोखरच होता. जुन्या काळी नॉर्स लोक ते नाव अनुनासिक उच्चारत. पुढं त्यांच्याच तोंडातून तो सूर निघून गेला, ओलाफ उरला. पण ज्यांनी ते नाव आधीच उसनं घेतलं होतं त्यांच्या लिखाणात तो राहिला. म्हणजे गेलिक माणसानं नवव्या शतकात कान देऊन जे ऐकलं, ते स्वतः नॉर्स लोक विसरल्यावरही स्कॉटलंडात जपलं गेलं.

पण हे नॉर्स लोक तिथं पोचले कसे? नकाशा काढा. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर बर्गेन आहे. तिथून सरळ पश्चिमेला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर शेटलंड बेटं. वारा पाठीशी असेल तर दोन-तीन दिवसांची वाट. तिथून खाली ऑर्कनी, मग स्कॉटलंडच्या टोकाला वळसा घालून हेब्रिडीज बेटांची माळ, पुढं आयर्लंड. एका बेटावरून पुढचं फार लांब नाही. त्यांची जहाजं लांब, हलकी, फळीवर फळी चढवून लोखंडी खिळ्यांनी जोडलेली. उथळ पाण्यात चालायची, सरळ वाळूवर चढवता यायची आणि वेळ पडली तर माणसं ती जमिनीवरून ओढून पलीकडच्या पाण्यात टाकायची. शीड लोकरीचं. एका शिडाला किती मेंढ्यांची लोकर आणि किती बायकांची कताई लागत असेल, विचार करा!

पहिल्या खेपा लुटालुटीच्या. 793 साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा लिंडिसफार्नचा मठ लुटला, 795 साली स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या आयोना बेटावरच्या मठावर हल्ला झाला. मग हळूहळू लुटणारे तिथंच राहू लागले. शेतं धरली, गुरं पाळली, गावांना नावं दिली. गेलिक बोलणारे गेल लोक त्या बेटांना परक्यांची बेटं म्हणू लागले आणि परक्यांशीच सोयरिक करू लागले. डब्लिनचा एक राजा होता ओलाफ क्वारन. 980 साली ताराच्या लढाईत तो हरला, राज्य सोडलं, आणि कुठं गेला? आयोनाच्या मठात. ज्या मठावर त्याच्या लोकांनी तलवारी चालवल्या होत्या त्याच मठात तो प्रायश्चित्त घेऊन राहिला आणि तिथंच वारला. दोनशे वर्षांत इतकं बदललं होतं. नॉर्स नाव, ख्रिस्ती धर्म, भोवती गेलिक बोलणारे लोक. अशाच घरांत पोरांची नावं औली पडू लागली.

हेब्रिडीजमधलं सर्वांत उत्तरेचं मोठं बेट लुईस. त्याच्या पश्चिम किनाऱ्याला ऊइग नावाचा भाग आहे. ऊइग हे नावही नॉर्स, म्हणजे खाडी. तिथले मेकॉले सांगत की आमचा मूळ पुरुष काळा ओलाफ, मॅन आणि हेब्रिडीज बेटांचा राजा, 1237 साली वारलेला. शेजारचे मॅक्लिऑड लोकही आपली वंशावळ त्याच ओलाफला नेऊन भिडवत. तुम्हाला ठाऊक असलेलं मॅक्लिऑडगंज आहे ना धर्मशाळेजवळ, ते ज्याच्या नावावरून पडलं तो पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर डोनाल्ड मॅक्लिऑड. त्याचं आडनावही असंच, ल्योत नावाच्या नॉर्स माणसाचा लेक. राजापर्यंत वंशावळ नेण्याची हौस जगात सगळीकडं असते. इतिहासकार अशा वंशावळींकडं जरा सावधपणे बघतात आणि ते बरोबरच आहे. पण नाव नॉर्स आहे यात शंका नाही.

ऊइगच्या मेकॉलेंची एक गोष्ट लुईसमध्ये अजून सांगतात. सुमारे चारशे वर्षांपूर्वी त्यांच्यात डोनाल्ड काम नावाचा एक योद्धा होता. काम म्हणजे एका डोळ्यानं अधू. बेटाच्या उत्तर टोकाला मॉरिसन लोक राहत. दोन घराण्यांचं हाडवैर. एकदा मॉरिसनांनी मेकॉलेंची गुरं पळवली आणि पाठलाग झाला तेव्हा ते डुन कार्लोवे नावाच्या दगडी बुरुजात शिरले. हा बुरुज तेव्हाच दीड हजार वर्षांहून जुना होता! आजही त्याची एक बाजू जवळपास नऊ मीटर उभी आहे. चुना नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड. एकात एक अशा दोन गोल भिंती, आणि दोन्हींच्या मधून वर जाणारा जिना. दार इतकं बुटकं की वाकून, एका वेळी एकानंच शिरायचं. आत शिरणाऱ्याचं डोकं आधी येणार, म्हणजे दारातून हल्ला शक्यच नाही. डोनाल्ड कामनं काय केलं? दोन कट्यारी घेतल्या. एक दगडांच्या फटीत खुपसायची, तिच्यावर भार टाकून वर सरकायचं, दुसरी तिच्या वर खुपसायची, पहिली उपसायची. असा तो बाहेरून वर चढला. खालून लोकांनी हेदरचे भारे दिले. हेदर म्हणजे तिथल्या माळावर वाढणारं जांभळ्या फुलांचं काटक झुडूप. ते पेटवून त्यानं आत टाकले. ओलसर हेदर भडकत नाही, धुमसतं. धुमसणाऱ्या आगीत कार्बन मोनॉक्साइड वायू फार तयार होतो, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. बुरुजातली माणसं जाळानं मेली नाहीत, गुदमरून मेली. गोष्ट क्रूर आहे, मला ठाऊक आहे. पण ती लपवून डोनाल्ड कामच्या नुसत्या चढाईचं कौतुक करणं मला पटत नाही.

आता इथं एक गंमत सांगतो, म्हणजे आडनावावर झटकन विश्वास ठेवायचा नाही हे कळेल. स्कॉटलंडात मेकॉले आणखीही आहेत. ग्लासगोच्या पश्चिमेला आर्डिनकेपलला त्यांचं एक मोठं घराणं होतं. लेखन तेच, उच्चार तोच, पण त्यांचा मूळ पुरुष ओलाफ नव्हेच! त्यांचं नाव आलं आव्हलगी अशा धाटणीच्या अस्सल गेलिक नावावरून. दोन वेगवेगळी नावं झिजत झिजत एकसारखी झाली. निसर्गातही असं होतं. संध्याकाळी आकाशात सूं करत फिरणारी पाकोळी आणि तारेवर बसणारी भिंगरी पाहिलीत ना? दोघींचे पंख कोयत्यासारखे, दोघी उडता उडता किडे टिपतात. बघणाऱ्याला वाटतं बहिणी असतील. पण पाकोळीचं जवळचं नातं हमिंगबर्डशी, आणि भिंगरी चिमणी-बुलबुलांच्या गोतातली. एकच काम करता करता दोघींचं रूप सारखं झालं. तेव्हा कुणी मेकॉले भेटला तर तो लुईसचा की आर्डिनकेपलचा हे विचारल्याशिवाय त्याला व्हायकिंग म्हणू नका.

ऊइगला परत जाऊ या, कारण तिथल्या वाळूनं आपल्यासाठीसुद्धा काही जपून ठेवलं होतं. 1831 साली ऊइगच्या किनाऱ्यावरच्या वाळूत एक खजिना सापडला. सोनं नाही, बुद्धिबळाच्या सोंगट्या! एकूण 93 वस्तू. त्यांत बुद्धिबळाचे 78 मोहरे, दुसऱ्या एका खेळाच्या 14 गोल सोंगट्या आणि पट्ट्याचं एक बक्कल. आठ राजे, आठ राण्या. म्हणजे निदान चार डाव होते, प्यादी मात्र 19 च. बहुतेक मोहरे वॉलरसच्या सुळ्यातून कोरलेले, बाराव्या शतकातले, आणि बहुधा नॉर्वेतल्या ट्रॉन्हाइमकडं घडवलेले. त्या 93 वस्तूंपैकी 82 आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या मालकीच्या आहेत, 11 एडिंबरातल्या संग्रहालयाच्या.

त्यातला एक मोहरा जवळून बघू. राणी. उंची वीतभरही नाही. सिंहासनावर बसलेली, उजवा तळवा गालाला टेकवलेला, डोळे मोठे आणि गोल. काळजीत आहे, की विचारात, की दात दुखतोय, ज्यानं त्यानं ठरवावं. सिंहासनाच्या पाठीवर वेलबुट्टी. आता सुळा कसा असतो ते ऐका, म्हणजे कारागिराची कसोटी कळेल. वॉलरसचा सुळा म्हणजे त्याचा वरचा दातच, नरालाही असतो आणि मादीलाही. बाहेरून एक पातळ थर, त्याच्या आत गुळगुळीत, दाट, दुधी रंगाचं दंतद्रव्य, आणि अगदी गाभ्यात खडीसाखरेसारखं रवाळ, डागडागांचं दुसरं दंतद्रव्य. चेहरा कोरायचा तो गुळगुळीत भागात यायला हवा. गाभा पुढं आला की राणीच्या गालावर डाग. म्हणून कारागीर सुळा हातात फिरवून बघत असणार, कुठून कापला म्हणजे चेहरा स्वच्छ निघेल. मध्ययुगात युरोपात आलेल्या अशा बऱ्याच सुळ्यांचा डीएनए तपासला तेव्हा कळलं की तो माल बहुतांशी ग्रीनलंडच्या बाजूचा होता. ग्रीनलंडमध्ये नॉर्स लोकांनी वस्ती केली आणि ती टिकवली, त्यात या सुळ्यांच्या व्यापाराचा मोठा हात होता.

आणि खेळ कुठला? आपला! चतुरंग भारतातून इराणात गेला, तिथून अरबांकडं, तिथून युरोपात, आणि बाराव्या शतकापर्यंत लुईसच्या वाळूत पोचला. वाटेत मोहऱ्यांनी वेश बदलले. आपण ज्याला वजीर म्हणतो त्याच्या जागी राणी आली. आपला उंट म्हणजे त्यांच्याकडं टोपी घातलेला बिशप. आणि आपला हत्ती? उत्तरेच्या त्या कारागिरानं हत्ती कधी पाहिला असणार! त्यानं हत्तीच्या जागी उभे सैनिक कोरले. त्यातले काही आपल्या ढालीची वरची कड दातांनी चावतायत. हे बेरसर्कर, रणात बेभान होणारे योद्धे, ज्यांच्या कथा नॉर्स लोक सांगत. 1964 साली एडिंबरातल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं 5 पौंडांना एक छोटा मोहरा घेतला, तो कित्येक वर्षं घरातल्या कपाटात पडून होता. तो याच संचातला हरवलेला सैनिक निघाला आणि 2019 साली लिलावात 7,35,000 पौंडांना विकला गेला.

मोहरे उत्तरेकडून आले हे त्यांच्या कोरीवकामावरून कळतं. माणसं कुठून आली हे कसं कळायचं? आडनाव सांगतं, पण आडनाव दत्तक घेता येतं, बदलता येतं, मालकाचं लावता येतं. डोंगराळ स्कॉटलंडात तर फार उशिरापर्यंत मॅक म्हणजे खरोखर बापाचंच नाव असे. दर पिढीला बदले. आइसलंडात आजही असंच आहे. म्हणून शास्त्रज्ञांनी आडनावाच्या जोडीनं शरीरातला पुरावा वाचायला घेतला.

प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. त्यातल्या 22 जोड्यांमध्ये आईकडचं आणि बापाकडचं पुढच्या पिढीत जाताना पार मिसळून जातं. पण मुलग्यांमध्ये एक वाय गुणसूत्र असतं, छोटंसं, सुमारे सहा कोटी अक्षरांचं. त्याला जुळता जोडीदार नसतो, म्हणून त्याचा बहुतेक भाग कशात मिसळत नाही. बापाकडून मुलाकडं, त्या मुलाकडून त्याच्या मुलाकडं, जवळजवळ जसंच्या तसं. एकदा कायम झालं की स्कॉटलंडातलं आडनावही असंच बापाकडून मुलाकडं जातं. म्हणून या दोघांची सांगड घालता येते.

जवळजवळ म्हणालो, कारण नक्कल करताना क्वचित चूक होते. वायमध्ये काही ठिकाणी चार अक्षरांचा एक तुकडा लागोपाठ येतो: जीएटीए, जीएटीए, जीएटीए... समजा बारा वेळा. एखाद्या पिढीत नक्कल घसरते आणि तेरा वेळा होतो. मग त्या मुलाच्या पुढच्या सगळ्या मुलग्यांमध्ये तेराच. अशा बऱ्याच जागा मोजल्या की दोन माणसांचा समाईक बाप किती पिढ्यांमागं होता याचा अंदाज करता येतो. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, बस्स, एवढंच लागतं.

ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी हे मॅकडोनाल्ड आणि त्यांच्या भाऊबंद घराण्यांवर करून पाहिलं. या सगळ्यांचा मूळ पुरुष सॉमर्लेड, 1164 साली रेनफ्रूजवळ मारला गेलेला. गेलिक लोकांचा हा वीर, नॉर्स सत्तेविरुद्ध लढलेला म्हणून गाजलेला. साइक्स यांनी या घराण्यांच्या पाच प्रमुखांचं वाय तपासलं. पाचांचं एकाच मूळ पुरुषाकडून आलेलं! वंशावळी कागदावर होत्या, त्या रक्तातही निघाल्या. पण ते वाय निघालं आर-वन-ए या शाखेचं, जी नॉर्वेत सुमारे चारांतल्या एका पुरुषात आढळते आणि गेलिक मुलखात दुर्मीळ आहे. म्हणजे नॉर्स लोकांशी झुंजणारा हा वीर बापाच्या बापाच्या बाजूनं स्वतः नॉर्सच होता. त्याचं सॉमर्लेड हे नावही नॉर्सच, उन्हाळ्यात सफरीला निघणारा. आणि मॅकडोनाल्डमधला डोनाल्ड? ते मात्र अस्सल गेलिक नाव. तेव्हा बघा, मॅकडोनाल्ड हे आडनाव गेलिक, त्याखालचं गुणसूत्र नॉर्स. उलटंही घडू शकतं: गेलिक बाप आवडत्या राजाचं नाव म्हणून पोराला औली म्हणेल आणि पुढं त्याचे सगळे वंशज मेकॉले होतील.

मॅक्लिऑडांमध्येही अशीच तपासणी झाली. त्यांच्यातले जवळपास निम्मे पुरुष एकाच माणसाचे वंशज निघाले. काहींना वाटेल, निम्मेच? मला तर हे निम्मेसुद्धा फार वाटतात! साडेसातशे वर्षं, पंचवीस-तीस पिढ्या. त्यात दत्तक आले, विधवेचे मुलगे आले, आणि मुख्य म्हणजे घराण्याच्या जमिनीवर राहणाऱ्या कुळांनी घराण्याचंच आडनाव लावलं. ज्याच्या आश्रयाला राहायचं त्याचं नाव लावायचं, यात खोटेपणा नव्हता. तीही एक निष्ठाच होती.

पण वाय ही फक्त बापांची ओळ झाली. तीस पिढ्यांमागं तुमचे पूर्वज मोजायला गेलात तर हिशेबानं शंभर कोटींच्या पलीकडं जातात. अर्थात तेच तेच लोक पुनःपुन्हा येतात, तेव्हा खरी माणसं कमी. वाय त्यांतल्या एकाच पुरुषाकडं बोट दाखवतं. आयांचं काय? त्यांच्यासाठी निसर्गानं वेगळी सोय केली आहे. पेशीत ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो, 16,569 अक्षरांचा. तो आईकडूनच येतो. मुलगा असो की मुलगी, आईचाच. आणि पुढं मात्र फक्त मुलीच तो देऊ शकतात.

ही दुसरी ओळ वाचली तेव्हा जी गोष्ट बखरीत नीट लिहिलेली नव्हती ती दिसली. ऑर्कनी आणि शेटलंडमध्ये नॉर्स वाटा बापांच्या आणि आयांच्या बाजूनं साधारण सारखा. म्हणजे तिथं बिऱ्हाडं आली, बायकापोरांसकट. हेब्रिडीजमध्ये बापांच्या बाजूनं नॉर्स वाटा जास्त, आयांच्या बाजूनं कमी. म्हणजे तरुण पुरुष एकटे आले आणि लग्नं तिथंच झाली. आइसलंडात तर बापांच्या बाजूनं पाहिलं तर चारांतले तीन नॉर्वेकडचे, आणि आयांच्या बाजूनं निम्म्याहून जास्त ब्रिटन-आयर्लंडकडच्या. त्या सगळ्याजणी आपखुशीनं गेल्या नव्हत्या. कितीतरी जणींना पकडून, गुलाम करून नेलं होतं. त्यांची नावं कुठल्या आडनावात उतरली नाहीत, पण त्यांच्या पेशींतली ती सोळा हजार अक्षरं आजच्या आइसलंडच्या लोकांत आहेत. आणि मला असं वाटतं, लुईसमध्ये नॉर्स भाषा पुसली जाऊन गेलिक परत आली ती अशाच आयांमुळं. 1266 साली नॉर्वेच्या राजानं 4,000 मार्क आणि वर्षाला 100 मार्क घेऊन हेब्रिडीज बेटं स्कॉटलंडला दिली, तो राज्यकारभार झाला. पण पाळण्यातल्या पोराशी कुठल्या भाषेत बोलायचं हे राजे ठरवत नाहीत.

आता आपल्या मेकॉलेकडं पाहा. लुईसकडच्या या घराण्यातला एक जण, जॉन मेकॉले, धर्मोपदेशक म्हणून मुख्य भूमीवर आला. त्याचा मुलगा झॅकरी. हा झॅकरी कोवळ्या वयात जमेकातल्या उसाच्या मळ्यावर नोकरीला गेला, तिथं गुलामांचे हाल डोळ्यांनी पाहिले आणि उरलेलं आयुष्य गुलामगिरी बंद करण्यासाठी झिजवलं. या घराण्यातला मला मनापासून आवडणारा माणूस हाच. त्याचा थोरला मुलगा थॉमस, 1800 साली जन्मलेला, 1834 मध्ये भारतात आला. बरोबर धाकटी बहीण हॅना होती. थॉमसनं लग्न केलं नाही. 1859 च्या डिसेंबरात तो वारला आणि त्याची वायची ओळ तिथंच थांबली. दंड संहितेचा कायदा झालेलाही त्याला पाहता आला नाही, तो 1860 चा. पण हॅनानं कलकत्त्यात चार्ल्स ट्रेव्हेलियनशी लग्न केलं. त्यांचा मुलगा जॉर्ज ऑटो ट्रेव्हेलियन. त्याच्याकडं मेकॉले आडनाव नव्हतं, मेकॉलेंचं वायही नव्हतं. पण थॉमस आणि हॅना यांना आईकडून, सेलिना मिल्सकडून, जी मायटोकॉन्ड्रिया मिळाली तीच हॅनाकडून त्याला मिळाली. मामा-भाच्याचं हे नातं पेशीत लिहिलेलं. त्यानंच मामाचं चरित्र लिहिलं, 1876 साली. त्याच वर्षी त्याला मुलगा झाला, तो पुढं इतिहासकार म्हणून नावाजला: जॉर्ज मेकॉले ट्रेव्हेलियन. त्याची मायटोकॉन्ड्रिया त्याच्या स्वतःच्या आईची, वाय ट्रेव्हेलियनांचं. ओलाफचं नाव मात्र त्याच्या नावाच्या मधोमध जाऊन बसलं, नुसतं आजीवरच्या प्रेमापोटी आणि तिच्या भावाच्या अभिमानापोटी.

उंदीर राहिले ना! थॉमसच्या आजोबांचा एक भाऊ होता, केनेथ मेकॉले. तोही धर्मोपदेशक. हेब्रिडीजच्याही पश्चिमेला, सुमारे 65 किलोमीटर आत अटलांटिकमध्ये सेंट किल्डा नावाची बेटं आहेत, पाण्यातून सरळ उठलेले कडे आणि त्यांवर लाखो समुद्रपक्षी. केनेथ तिथं जाऊन आला आणि 1764 साली त्यानं त्या बेटांचा इतिहास छापला. तिथली माणसं दोरावरून कड्यावर उतरून पक्षी आणि अंडी गोळा करत, बरंचसं त्यावरच जगत.

त्या बेटांवर परत येऊच, आधी उंदीर पाहू. व्हायकिंगांच्या जहाजात धान्याची पोती असत, गुरांसाठी गवत असे, आणि त्यात न बोलावलेले प्रवासी. उंदराचीही मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात. जेरेमी सर्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनभरातले घरउंदीर तपासले आणि 2009 मध्ये ते प्रसिद्ध केलं. मुख्य ब्रिटनमधले उंदीर एका शाखेचे. पण ऑर्कनी, शेटलंड, हेब्रिडीजकडचे दुसऱ्याच शाखेचे, आणि ती शाखा सापडते नॉर्वेत! जिथं जिथं नॉर्स माणूस राहिला तिथं तिथं त्याचा उंदीरही. माणसांनी भाषा बदलली, धर्म बदलला, उंदरांना त्याची गरज पडली नाही.

सेंट किल्डावर दोन जातींचे उंदीर होते, घरउंदीर आणि रानउंदीर. तिथला रानउंदीर मुख्य भूमीवरच्या भाऊबंदांच्या दुप्पट वजनाचा झालाय, कारण त्याला खाणारं जनावर बेटावर नाही आणि मोठं शरीर थंडीत ऊब धरून ठेवतं. तोही नॉर्स जहाजातूनच आला असावा असं मानतात. तिथलं जगणं कठीण होत गेलं आणि 29 ऑगस्ट 1930 ला बेटावरची उरलेली 36 माणसं बोटीत बसून कायमची निघून गेली. माणसांची चूल गेली, धान्य गेलं, घरात ऊब राहिली नाही. हजार वर्षं माणसाच्या जिवावर जगलेला घरउंदीर दोनेक वर्षांत नामशेष झाला. रानउंदीर मात्र अजून आहे, उलट माणसांनी सोडलेल्या घरांच्या भिंतींतही आता तो शिरलाय.

त्या बेटांतल्या एकाचं नाव सोए. हेही नॉर्स, मेंढ्यांचं बेट. म्हणजे व्हायकिंग तिथं पोचले तेव्हा मेंढ्या आधीच चरत होत्या. कुणी आणल्या, कधी आणल्या आणि गेल्या काही दशकांत त्या आकारानं लहान का होत चालल्यात, ते उद्या रात्री.